चिवड्याच्या ‘फॅमिली पॅक’मधल्या बारा पुड्यांबद्दल तक्रार

कराड, जि. सातारा

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: चिवडा व चकलीच्या वेष्टनातील अनावश्यक प्लास्टिक आणि त्यावरील ‘१०० टक्के रिसायकलेबल’ हा दावा

महोदय/महोदया,

गौरी-गणपतीत आरतीला येणाऱ्यांसाठी मी तुमच्या पातळ पोह्यांच्या चिवड्याचा ‘फॅमिली पॅक’ आणि भाजणीच्या चकलीचे पाकीट घेतले. मोठी पिशवी फोडली तर आत सुटा चिवडा नाही, १२ लहान पुड्या निघाल्या. प्रत्येक पुडी टम्म फुगलेली आणि आत मूठभर चिवडा. चकलीच्या पाकिटात प्लास्टिकचा साचेबंद ट्रे आणि प्रत्येक खाचेत दोन चकल्या. आरतीआधी सगळे परातीत ओतले, तेव्हा परातीशेजारी वेष्टनांचा ढीग झाला. पूर्वी हाच चिवडा एकाच ४०० ग्रॅमच्या पाकिटात मिळायचा. ते पाकीट आता येतच नाही, असे दुकानदार सांगतात.

चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाही. आमच्या घरी तुमचाच चिवडा येतो, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

पाकिटात नायट्रोजन का भरतात हे मला ठाऊक आहे. हवेतल्या ऑक्सिजनने तेल खवट होते आणि वेफर प्रवासात चुरतात. वेफरपुरते ते पटते. पण चिवड्याला चुरण्याचे भय कुठे आहे? मोठे पाकीट एकदा फोडून घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की तो कुरकुरीत राहतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात माहीत आहे. तेवढ्याच चिवड्याच्या १२ पुड्या केल्या की प्लास्टिक वाढते, प्रत्येक पुडीला वरखाली पट्टी चिकटवावी लागते आणि पुन्हा त्या सगळ्यांवर बाहेरची पिशवी येते. दुकानात टांगलेल्या पाच रुपयांच्या लडीबद्दल मी बोलत नाही. ज्याच्या खिशात पाचच रुपये आहेत त्याची सोय ती लडी करते. पण ज्याने घरासाठी एकरकमी पैसे मोजले, त्याच्या माथी लडीतल्याच पुड्या का मारता?

या पुडीचे पुढे काय होते, हे मी आमच्या घंटागाडीवरच्या ताईंना विचारले. त्या म्हणाल्या, “दुधाच्या पिशवीला भाव हाय, बाटलीला हाय. ह्या चमकीला कुणी इचारत न्हाई.” कारण उघड आहे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते, ती वितळवून पुन्हा वापरता येते. तुमच्या पुडीत बाहेर छापील फिल्म, आत ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर दिलेली दुसरी फिल्म आणि दोन्हींना जोडणारा गोंद असतो. हे थर साध्या कारखान्यात सुटे होत नाहीत. वजन नगण्य, त्यामुळे दिवसभर वेचले तरी हाती काही लागत नाही. शिवाय पुडी फोडताना तुटणारा तो कोपरा! नखाएवढा तुकडा ओल्या कचऱ्यात जातो, तिथून खतात आणि खतातून शेतात. मीठ-मसाल्याचा वास राहिलेली पाकिटे गाई चघळतात आणि त्यांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे होतात. पावसाळा ओसरला की कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमाच्या घाटावर गाळाबरोबर हीच पाकिटे अडकलेली दिसतात. आत गाळ भरलेला असतो, पण छपाईचा रंग तसाच ताजा.

स्वच्छ सर्वेक्षण २०२० मध्ये १ लाखाखालील लोकसंख्येच्या शहरांत कराड देशात पहिले आले. त्यामागे सफाई कामगारांचे कष्ट आहेत आणि घरोघरी ओला-सुका वेगळा करणाऱ्या बायकांचेही. आम्ही आमचे काम करतो. पण जी वस्तू बनतानाच भंगारात न चालणारी आहे, ती कितीही नीट वेगळी करून दिली तरी जायची कुठे?

तुमच्या ग्राहक सेवेच्या फोनवर मला उत्तर मिळाले, “मॅडम, आमचे पॅकिंग नियमानुसार आहे.” असेल. पण नियमाचा इतिहास मी वाचला आहे. २०१६ च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत, पुनर्वापर न होणारे बहुस्तरीय, म्हणजे तुमच्या पुडीसारखे अनेक थरांचे, प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचे होते. ती मुदत संपत आली तेव्हा, मार्च २०१८ मध्ये, शब्द बदलले. ज्याच्यापासून ऊर्जाही मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोगच नाही, अशा प्लास्टिकपुरती बंदी उरली. सिमेंटच्या भट्टीत जाळले की ऊर्जा मिळते, म्हणून पुडी वाचली. १ जुलै २०२२ पासून देशभर स्ट्रॉ, प्लास्टिकचे चमचे, मिठाईच्या खोक्यावरची फिल्म बंद झाली, तेव्हाही ती यादीबाहेरच राहिली. म्हणजे कायद्याने तुम्हाला सूट दिली आहे. ती घ्यायची की नाही, हे तुमच्याच हातात आहे.

आता दाव्याविषयी. पाकिटावर हिरवे पान आणि ‘१०० टक्के रिसायकलेबल’ असे छापले आहे. त्याच पाकिटाच्या मागे त्रिकोणात ७ हा आकडा आहे, म्हणजे ठरलेल्या जातींत न बसणारे ‘इतर’ प्लास्टिक. ही पुडी कराडमध्ये, किंवा निदान सातारा जिल्ह्यात, कुठे गोळा होते आणि तिच्यापासून काय बनते? फोनवरच्या माणसाला ते सांगता आले नाही. पर्यावरणविषयक दाव्यांना पडताळता येईल असा पुरावा हवा आणि तो ग्राहकाला उपलब्ध हवा, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो पुरावा मला लेखी पाठवा. नसेल तर ते पान आणि ती ओळ छपाईतून काढा.

माझी मुख्य मागणी साधी आहे: ४०० ग्रॅमचे एकसंध पाकीट पुन्हा सुरू करा आणि चकलीचा ट्रे बंद करा. ‘फॅमिली पॅक’मध्ये पुड्याच द्यायच्या असतील, तर आत किती पुड्या आहेत हे समोरच्या बाजूला ठळक छापा, म्हणजे घ्यायचे की नाही ते आम्ही ठरवू. तुमच्या स्वतःच्या दुकानांत चिवडा, शेव, फरसाण वजनावर द्या. पूर्वी तुमच्याच दुकानात काचेच्या झाकणाच्या डब्यांतून माल मिळायचा आणि लोक पुडा बांधून न्यायचे, हे मी लहानपणी पाहिले आहे. आज आम्ही घरून स्टीलचा डबा घेऊन येऊ. एकाच जातीच्या प्लास्टिकचे पाकीट कधी आणणार, याची तारीखही कळवा. मोघम आश्वासन नको.

३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. न मिळाल्यास दाव्याबद्दलची तक्रार मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, नोंदवणार आहे. खरेदीची पावती, बॅच क्रमांक आणि वेष्टनाच्या दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली,
कराडची एक नियमित ग्राहक