ड्राइव्हवेवरच्या आठ रेषा

चि. माऊस,
अनेक आशीर्वाद.

उद्या सकाळी सातला मार्चिंग बँडच्या पहिल्या सरावासाठी तू शाळेच्या पार्किंगमध्ये उभी असशील, आणि आईने तिथे फार वेळ रेंगाळलेलं तुला आवडणार नाही. म्हणून जे सांगायचं ते रात्रीच लिहून क्लॅरिनेटच्या केसवर ठेवते आहे. मनातलं मला मराठीतच नीट सांगता येतं. तुला वाचायला थोडा वेळ लागेल, लागू दे.

मिडल स्कूलची तीन वर्षं तू खुर्चीवर बसून, समोर स्टँड ठेवून वाजवलंस. आता हायस्कूलचा पहिला दिवस उजाडायच्या आधीच टेक्सासच्या ऑगस्टमध्ये चालत, वळत, उलटं मागे जात वाजवायचं आहे, तेही पाठ करून. तू घाबरली आहेस, हे गेले दोन दिवस जेवताना कळतंय.

पण ड्राइव्हवेवरच्या रेषा बघ. बाबाने आणि तू मोजपट्टी लावून खडूने आखलेल्या. मैदानावरच्या दोन रेषांमधलं अंतर पाच यार्ड, म्हणजे १५ फूट, त्याचे आठ सारखे भाग, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी आठव्या पावलाला तू रेषा ओलांडून जात होतीस, कारण तुझे पाय लांब आणि घाई त्याहून जास्त. काल मी गॅरेजच्या दारात उभी होते. मेट्रोनोम मिनिटाला १२० ठोक्यांवर टिकटिकत होता, तू मान खाली न घालता आठ पावलं टाकलीस आणि आठव्याला बुटाचा मधला भाग बरोबर रेषेवर आला. नऊ वेळा बघितलं मी. नऊपैकी आठ वेळा बरोबर होतं.

तुझं ते टाच आधी टेकवून पाऊल बोटांपर्यंत उलगडत नेणं आधी मला फार सावकाश, उगाच नाजूक वाटलं होतं. त्याचं कारण तू क्लॅरिनेट तोंडाला लावून चाललीस तेव्हा समजलं. पाऊल धपकन पडलं की हादरा कमरेवाटे वर ओठांपर्यंत जातो आणि सूर थरथरतो. कमरेखालचं शरीर चालतं आणि वरचं खुर्चीवरच बसलेलं असतं, असं तू म्हणालीस ते मला फार आवडलं. मागे जाताना टाच जमिनीला टेकवायची नाही, पंजांवर चालायचं, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस पोटऱ्या ठणकतील. रात्री गरम पाण्यात पाय सोडून बस, मी तेल लावून देईन.

मैदानावर प्रत्येक आकृतीसाठी तुला तुझा डॉट, म्हणजे उभं राहायची नेमकी जागा, मिळेल. साइड वन, ४० च्या रेषेबाहेर २ पावलं, पुढच्या हॅशच्या मागे ६ पावलं, अशी भाषा. पहिल्यांदा हे ऐकताना मला पत्ता सांगितल्यासारखं वाटलं, आणि आहे तो पत्ताच. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने लष्करी रांगा मोडून मैदानावर इंग्रजी ‘पी’ अक्षर उभं केलं. मैदानावर आकृती काढायची पद्धत तिथून सुरू झाली असं मानतात. त्या अक्षरातही प्रत्येकाला आपली जागा माहीत असावी लागली असणार. बाबाला मी हे सांगत होते तेव्हा तो म्हणाला, मिशिगनच्या मार्चिंग बँडमध्ये मुलींना १९७२ साली आणि ओहायो स्टेटमध्ये १९७३ साली प्रवेश मिळाला. म्हणजे तुझ्या आजीच्या तरुणपणापर्यंत त्या विद्यापीठांत मुलीला ही जागा नव्हतीच. उद्या रांगेत उभी राहशील तेव्हा हे लक्षात असू दे.

आता माझ्याबद्दल. तुला माहीत आहे की मी पुण्यात ढोलपथकात होते. फोटो तू पाहिला आहेस, पांढरा सलवार-कुर्ता, कमरेला भगवा शेला, हातात टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी. त्या फोटोनंतरची गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही.

गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीपात्रात आमचा सराव चालायचा. पावसात, चिखलात. ढोल कमरेला बांधायचा, एका हाताने टिपरू, दुसऱ्या हाताने थापी. ताशे पुढे असायचे आणि हात, म्हणजे वाजवायचा ठेका, बदलायची खूण त्यांच्याकडून यायची. तिथे मी एक गोष्ट शिकले, जी तुला मैदानावर रोज उपयोगी पडेल. रांग लांब असली की मागच्यांचा ठोका पुढे उशिरा पोचतो. तुझ्या मैदानाची रुंदी ५३ यार्डांहून थोडी जास्त, म्हणजे जवळजवळ ४९ मीटर. मागच्या कडेचा आवाज पुढच्या कडेला यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. १२० च्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो, त्यातला पाव भागाहून जास्त वाटेतच गेला. म्हणून मागे उभी असलीस तर पुढच्यांचं ऐकून वाजवू नकोस, समोर उभं राहून ताल देणाऱ्या ड्रम मेजरचे हात बघ. आणि पुढे असलीस तर मागून येणाऱ्या ड्रमलाइनवर, म्हणजे ड्रमवाल्यांच्या रांगेवर, कान ठेव. कान आणि डोळे यांत भांडण झालं की काय करायचं हे तुमचे सर सांगतील, पण भांडण होणारच हे आधीच माहीत असलं की गोंधळायला होत नाही.

त्या वर्षी मी एकोणीस वर्षांची होते. विसर्जनाच्या दिवशी आमचं पथक लक्ष्मी रोडवर होतं. सकाळपासून माझ्या पोटात एक कप चहा गेला होता, कारण उत्साहात जेवण सुचलंच नाही. पुढे मिरवणूक अडकली आणि आम्ही चौकात दीड तास उभे राहिलो. ढोल कमरेला करकचून बांधलेला, मी गुडघे ताठ करून उभी, वाकलेली दिसू नये म्हणून. कानात शिट्टी वाजायला लागली. शेजारच्या मैत्रिणीने विचारलं, “बरं वाटतंय ना तुला?” मी म्हणाले, “हो.”

माऊ, त्या “हो”चं मला आजही वाईट वाटतं. पाच मिनिटांत मी तोंडावर पडले, ढोलासकट. माझ्या समोरच्या मुलीच्या पाठीत टिपरू घुसलं, तिला तीन आठवडे वाकता येत नव्हतं. माझा पुढचा दात तिथेच तुटला, हा जो तुला थोडा वेगळ्या रंगाचा दिसतो तो. ताठ गुडघ्यांवर फार वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी जातं आणि माणूस कोसळतो, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या दिवशी मला एवढंच वाटत होतं की आपल्यामुळे रांग मोडायला नको. आणि रांग माझ्यामुळेच मोडली.

हे आज सांगण्याचं कारण तू आहेस. सहावीत नवे बूट चावत होते, तू तीन आठवडे काही बोलली नाहीस. मोजा धुवायला घेतला तेव्हा टाचेपाशी रक्त वाळलेलं होतं. विचारलं तर म्हणालीस, “इट्स फाइन.” तुझ्या तोंडून ते ऐकलं आणि मला तो चौक आठवला. हा गुण तू माझ्याकडून घेतला आहेस, आणि तो मला तुझ्यात नको आहे.

उन्हाची सवय शरीराला ७ ते १४ दिवसांत होते. मग घाम लवकर सुटायला लागतो, घामातून मीठ कमी जातं, हृदयाला तेवढी धावपळ करावी लागत नाही. म्हणून मधल्या जुलैपासून मी तुला संध्याकाळी चालायला बाहेर काढत होते. तू कुरकुरलीस तरी आलीस, त्याचं आता बरं वाटेल. तरीही पहिले दिवस कठीणच. डांबरी पार्किंग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. गॅलनचा जग भरून ठेवला आहे. पाणी थोडं थोडं पित राहा, एकदम अर्धा जग नको. आणि नुसतं पाणी नको, त्याबरोबर खारट काहीतरी खा. घामातून मीठ जात असताना नुसतंच पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ फार उतरतं, तेही धोक्याचं. सकाळी पोहे आणि केळं, डब्यात दहीभात आणि लोणचं. सनस्क्रीन दर दोन तासांनी, मानेच्या मागे आणि कानांवरसुद्धा.

डोकं दुखायला लागलं, मळमळलं, पायात गोळे आले, चक्कर आली, तर हात वर करून रांगेबाहेर ये आणि सावलीत बस. कोणालाही विचारायला थांबू नकोस. आणि एक त्याहून महत्त्वाचं. तुझ्या शेजारचं कोणी अडखळायला लागलं, भलतंच बोलायला लागलं, साध्या प्रश्नाला वेडंवाकडं उत्तर द्यायला लागलं, तर तो उष्माघात असू शकतो. अंगाला घाम असला तरीही. अशा वेळी तो माणूस “मी ठीक आहे” असंच म्हणणार, कारण आपल्याला काय होतंय हे त्याला कळतच नाही. त्याचं ऐकू नकोस. ओरडून मोठ्या माणसाला बोलाव. ९११ ला फोन करायचा आणि ॲम्ब्युलन्सची वाट बघत न बसता त्याला लगेच बर्फाच्या पाण्याने गार करायचं. त्या दिवशी चौकात माझ्या मैत्रिणीने माझा “हो” मानला. तिचा काही दोष नव्हता. पण तू मानू नकोस.

पाळी या आठवड्यात येईल असा अंदाज आहे. छोट्या निळ्या पाउचमध्ये सगळं ठेवलं आहे, एक जादा काळी शॉर्टही. सेक्शन लीडर सीनियर मुलगी आहे ना, तिला नुसतं “ब्रेक हवा” म्हणालीस तरी ती समजेल. तीही कधीतरी पहिल्या वर्षाची होती.

क्लॅरिनेट प्लास्टिकचंच ने. लाकडी घरी राहू दे, उन्हात आणि कोरड्या हवेत ते तडकतं. गाडीत वाद्य ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. तीन रीड्स आहेत, आलटून पालटून वापर. तापलेल्या हवेत सूर चढतो, तेव्हा बॅरल किंचित बाहेर ओढून पुन्हा जुळव. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, तरी लिहिलं.

पहिल्या दिवशी डॉट चुकेल. दुसऱ्या दिवशीही. नदीपात्रात पहिल्या आठवड्यात माझा हात रोज चुकायचा. संपूर्ण रांग थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, माझ्यासाठी. मला वाटायचं सगळे मला शिव्या देत असतील. तिसऱ्या आठवड्यात दुसरीच कोणी नवीन मुलगी चुकत होती, रांग तिच्यासाठी थांबत होती, आणि माझ्या मनात तिच्याबद्दल रागाचा लवलेशही नव्हता. तेव्हा मला आधीच्या आठवड्यांचा उलगडा झाला.

सहाला उठवते. दुपारी साडेचारला मी पार्किंगच्या टोकाला, झाडापाशी असेन, बँडच्या दारापाशी येणार नाही. गाडीत बसलीस की “कसं झालं” विचारेन, तू “फाइन” म्हणशील. म्हण. पण आधी बूट-मोजे काढून टाचा दाखवायच्या.

तुझी,
आई