पाणचिऱ्यांच्या फोटोबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर

चि. मिहीर,
अनेक आशीर्वाद.

सुट्टीत चंबळवर काढलेला तुझा पाणचिऱ्यांचा फोटो काकूनं घरच्या ग्रुपवर टाकला. सगळे कौतुक करतायत आणि फोटो देखणा आहेच. काळे पंख, नारिंगी चोची, अख्खा थवा एकदम उठलेला. पण मी तो मोठा करून पाहिला. खाली वाळूत ठिपक्यांची अंडी उघडी पडलीत आणि शेजारच्या काटकीची सावली तिच्या बुडाशीच आहे, म्हणजे ऐन दुपार. थवा आपणहून उठला नव्हता, हो ना? होडी बेटाला लावून तुम्ही उठवलात.

दहा मिनिटांत काय बिघडतं, असं म्हणशील. चंबळच्या वाळूत, एप्रिल-मेच्या उन्हात, खूप बिघडतं रे. त्यांचं घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, ना गवत ना आडोसा. दुपारी पक्षी अंड्यांवर बसतो तो सावली धरायला. मधूनच उडतो, पाण्यात पोट भिजवून येतो आणि त्या ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतो. त्याला हुसकावलं की अंडी तापतात, कावळ्यांचं आयतंच फावतं. आधीच पाणी ओसरलं की बेटं काठाला जुळतात आणि कुत्री चालत घरट्यांपर्यंत पोचतात. जगात हे पक्षी जेमतेम तीन हजारांच्या आसपास उरलेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं शिकारीतच मोडतं, हेही माहीत असू दे.

'नावाडीच म्हणाला जवळ जाऊ' असं मला सांगू नकोस. त्याचं पोट त्यावर आहे, कॅमेरेवाला म्हणेल तिथे तो होडी नेतो. नको म्हणणं तुझ्या हातात होतं. त्याच नदीकाठच्या गावकऱ्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं घरट्यांचे राखणदार नेमलंय. ती माणसं उन्हातान्हात कुत्री हाकलत बसतात.

2009 सालच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत फाटकावरून उडी घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असं परीक्षकांचं मत झालं आणि ते काढून घेतलं. तिथे निदान लांडग्याचं काही गेलं नाही. इथे एका मोसमाची पिल्लं जातात, आणि फोटोला मात्र वाहवा मिळते. मला याचाच फार राग येतो.

तुझा कॅमेरा सुटावा असं मला मुळीच वाटत नाही. पुढच्या खेपेला सकाळी लवकर जा, होडी लांब थांबवायला सांग, लांब पल्ल्याची लेन्स भाड्यानं घे, पैसे मी देते. बसलेला पक्षी नुसता उठून उभा राहिला तरी मागे फिरायचं.

आणि कुणीतरी जागा विचारली म्हणून तू फोटोखाली बेटाचं लोकेशन दिलंयस. ते आजच काढ. मग फोन कर.

तुझी,
आई