तुझा पेपर जिंकला बे

नागपूर, रविवार रात्र

अबे मन्या,

चार महिने तुझ्या मेसेजला रिप्लाय नाही दिला, शिव्या दे, चालते. तब्येत ठीक, आईचा गुडघा तसाच.

चंद्रपूरच्या सर्व्हेतून आपण एसटीने आणलेली चर्टच्या फ्लेकची, म्हणजे अश्मयुगातल्या माणसाने टणक दगडातून फोडून काढलेल्या धारदार कपच्यांची, पिशवी आठवते ना? त्यातल्या १९ फ्लेकच्या धारेवर बारीक टवके दिसले म्हणून मी थीसिसचं अख्खं चॅप्टर लिहून मोकळा झालो, की यांनी कातडं खरवडलं, लाकूड तासलं, अन् काय काय. मंगळवारी मायक्रोस्कोपखाली परत धरले तर त्यातल्या पंधरांवर सगळीकडे जुना मळकट पिवळा पटिना, म्हणजे वर्षानुवर्षं दगडावर चढलेला थर, आणि टवक्यात मात्र दगड करडा, ताजा, जसा काही कालच फुटला.

मग मी स्वतःच दगड फोडून नवे फ्लेक काढले (अंगठा सुजला, हसू नको). एकाने अर्धा तास बांबू तासला तर धार बोथटली अन् कडेला चमक आली. बाकीचे सहा एका पिशवीत कोंबून डिक्कीत टाकले न वाडीपर्यंत चक्कर मारून आलो. काढून पाहतो तर सेम टू सेम टवके, चमकेचा पत्ता नाही!

तू बोंबलत होता ना, एकेक पेपरात गुंडाळ म्हणून, अन् मी म्हटलं लाखो वर्षं टिकले ते एसटीत काय मरते. दोन दिवस बोलला नव्हता तू. चहाचे पैसेही मीच दिले होते, ते वेगळं.

फ्लेक खोटे नाहीत बे. फटक्याखालचा फुगवटा, त्याच्या लहरी, पाठीवरचे आधीच्या फ्लेकचे खोलगे, सगळ्यावर पटिना आहे. म्हणजे काढले कसे ते पक्कं, पण वापरले कशाला ते गेलं ना. अन् मी सेमिनारमध्ये तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमच्या हत्यारांची ३.८५ लाख वर्षं, आधी कोअर (मूळ दगड) घडवून मग हवा तसा फ्लेक काढायची तिथली रीत, हे सगळं फेकून वरून आपल्या पिशवीचे किस्से जोडले होते, सर खुश होऊन मान डोलवत होते. आता सांगितलं तर १९ चे चार उरतात, सबमिशनला महिना आहे, न सांगितलं तर झोप येत नाही. तीन वेळा केबिनपर्यंत जाऊन परत आलो.

तुझा पुण्यातला फ्लॅट झाला का? वहिनीला नमस्कार, पोट्टीला पापा.

अन् ऐक, पिशवीत टाकायच्या आधी तू एकेका फ्लेकचे फोटो काढले होते, मोबाईल बदलला असशील पण कुठेतरी असतीलच. धार दिसते तेवढे आजच पाठव. "किती फोटो काढून राहिला बे" म्हटलं होतं, ते परत घेतो.

तुझाच,
बाळ्या