सरांचं घर पाडणार आहेत

प्रिय बंड्या,

युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमची चौथी आवृत्ती सापडल्याचं वाचलंस ना? १९७३ ची, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा पहिल्यांदा सी भाषेत लिहिलेली तीच. यूटा विद्यापीठात २०२५ मधे जुनी खोली आवरताना तिची चुंबकीय टेप मिळाली. इतकी वर्षं जगाकडे तिचं मॅन्युअल आणि कर्नलचे थोडे तुकडे, बस्स. मग डिसेंबरात टेप गाडीत घालून माउंटन व्ह्यूच्या कॉम्प्युटर हिस्टरी म्यूझियममधे नेली, तिथे टेप वाचणाऱ्या हेडवरून येणारा कच्चा सिग्नलच आधी साठवला आणि बिट्स नंतर सॉफ्टवेअरने शोधले. आणि बूट होते रे ती, जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सिम्युलेटरवर! मी रात्री एकटाच हसत बसलो होतो, कारण बोटं आपली फोल्डर बदलायला सीडी सीडी मारतायत आणि मशीन ढिम्म, सीएचडीआयआर असं अख्खं टाइप केल्याशिवाय हलत नाही. घरात कुणाला सांगू हे? म्हणून तुला.

आणि युनिक्सच्या यूएसआर फोल्डरच्या नावाचं आपलं भांडण आता मिटव. 'युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस' हे नंतर चिकटवलेलं आहे, तिथे लोकांची घरंच, म्हणजे वापरणाऱ्यांचे फोल्डर होते. पहिली डिस्क भरली आणि सिस्टिमचा पसारा लोकांच्या डिस्कवर घुसला, झालं. हॉस्टेलच्या भिंतीवर तू खडूने काय लिहिलं होतंस ते मी विसरलेलो नाही.

माझी शुगर ठीक आहे, गोळ्या चालू.

पण खरं कारण वेगळं. आपल्या लॅबच्या सरांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. मे पर्यंत फ्लॅट रिकामा करायचा. मी गेलो होतो मुलुंडला, माळा बघितला आणि छातीत धस्स झालं. कुलाब्याचे, टीआयएफआर म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चच्या दिवसांतले, प्रोग्रॅमच्या छापील लिस्टिंगचे गठ्ठे, तिथल्या सीडीसी ३६०० या मोठ्या कॉम्प्युटरचे, भोकं पाडलेल्या पंच कार्डांचे खोके, आणि एक टेप. ती सात ट्रॅकची, म्हणजे डेटा सात समांतर पट्ट्यांत! यूटाची नऊ ट्रॅकची होती, त्या ड्राइव्हवर ही वाचता येणार नाही. त्यात मुंबईचा दमटपणा, चार पावसाळे पाहिलेली टेपसुद्धा चिकटते, ही तर साठ वर्षांची असेल.

तरी टेपचं मी एकवेळ सोडून देईन. सिग्नल कुणीतरी कधीतरी पकडेल. लिस्टिंगच्या समासात सरांनी पेन्सिलने जे लिहून ठेवलंय त्याचं काय? 'मॉनिटर बसला, ड्रम तपासणे.' ड्रम म्हणजे तेव्हाची डेटा साठवायची चुंबकीय जागा. माझ्या भाच्याने ते वाचून विचारलं, मामा, स्क्रीन बसली म्हणजे? अरे त्याची काय चूक, तेव्हा मॉनिटर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम हे आता कोण सांगणार. कुणी एक्झिक्युटिव्ह म्हणायचं, कुणी सुपरवायझर. पुढे 'कोअर डम्प घेतला' असं आहे, तर तो प्रोसेसरच्या कोअरमधे शिरला. त्याला सांगितलं की फेराइटच्या बारीक कड्या, काळे मणी ओवावेत तशा तारांत ओवलेल्या, एका कडीत एक बिट, आणि ती सगळी मेमरी कागदावर ओतायची म्हणजे डम्प. पोराचे डोळे चमकले, पण पुढच्या ओळीला मीच अडकलो. सरांची स्वतःची लघुरूपं आहेत, कार्डांच्या डेकला, म्हणजे गठ्ठ्यांना, नावं आहेत, एका ऑपरेटरला टोपणनाव आहे आणि ते टोपणनाव एररसारखं वापरलंय! युनिक्स जिथे जन्मलं त्या बेल लॅब्सचं नशीब बघ, ते बनवणाऱ्यांतल्या डेनिस रिचीने सगळं कसं घडलं ते स्वतः लिहून ठेवलं, मॅन्युअलं जपली गेली, वॉरन टूमीसारखा माणूस ऑस्ट्रेलियात बसून जुन्या आवृत्त्या गोळा करत राहिला. इथे बाहेरगावच्या लोकांनी कार्डांचे गठ्ठे कुलाब्याला पाठवले, प्रिंटआउटची वाट बघितली, त्याची बोली कुणाकडे आहे? एका पंचाऐंशी वर्षांच्या माणसाकडे, ज्याला ऐकू कमी येतं.

मी विचारलं की सर 'हो रे, चालायचं' म्हणतात आणि टीव्ही लावतात. तू मुद्दाम चुकीचं बोल. तुझं चुकलेलं दुरुस्त करायला ते कधीही उठून बसतील, लॅबमधे तासन्‌तास तेच तर चालायचं आणि आम्ही उपाशी. तू उलटं बोलायचं, मी फोनवर रेकॉर्ड करणार, भाचा प्रत्येक पानाचा फोटो काढणार. एप्रिलमधे येतोयस तर आधी मुलुंड, मग तुझं कोल्हापूर. गठ्ठे तोपर्यंत माझ्या बेडरूममधे आणतोय, बायको बोलत नाहीये.

तुझ्या नव्या नोकरीचं काय झालं? चिन्मयीला दहावीसाठी शुभेच्छा. गुडघ्याला बेल्ट लाव, नाटकं नकोत. तिकीट काढलंस की लगेच कळव, कारण सूनबाईंनी कार्डांच्या मागच्या बाजूला किराण्याच्या याद्या लिहायला सुरुवात केलीय.

तुझा,
दिल्या