युवक उपक्रमांना वर्षभर येणारी माणसे हवीत

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील एका गावात युवक मंडळाने चालविलेल्या सायंकाळच्या अभ्यासवर्गात मी गेली काही वर्षे स्वयंसेवक म्हणून शिकवतो आहे. त्या अनुभवावरून एक मागणे वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या भागातील युवक विकासाच्या उपक्रमांना उद्घाटक आणि देणगीदार मिळतात. ठरल्या वारी, ठरल्या वेळी, जूनपासून परीक्षेपर्यंत न चुकता येणारी माणसे मात्र मिळत नाहीत.

हा उत्साहाचा तुटवडा म्हणता येणार नाही. नवरात्रातील दुर्गामाता दौडीला पहाटेच्या अंधारात शेकडो तरुण पांढऱ्या वेशात हजर असतात, शिवजयंतीच्या चित्ररथासाठी मुले रात्र रात्र जागतात, आणि येळ्ळूर, कडोली, उचगाव यांसारख्या गावांनी मराठी साहित्य संमेलनांची परंपरा आपल्या बळावर जपली आहे. हेच हात अभ्यासवर्गही थाटामाटात सुरू करतात. पण रोप लागणीच्या दिवसांत शिकवणाऱ्यांची गळती सुरू होते, गणपतीत वर्ग बंद राहतो आणि सुगी आली की पुन्हा कोणी कुलूप काढत नाही. शेतीची कामे टाळता येत नाहीत हे मीही शेतकऱ्याच्या घरातला असल्याने जाणतो. परंतु एका विषयाला दोन माणसे नेमली तर एकाच्या अडचणीत दुसरा उभा राहू शकतो. गणिताला दोन सोमवार कोणी आले नाही, तर तिसऱ्या सोमवारी विद्यार्थीच येत नाही, आणि गेलेला विद्यार्थी परत आणणे फार कठीण असते.

मराठी माध्यमातून दहावी देणाऱ्या मुलांची खरी अडचण इंग्रजी, गणित आणि कन्नड या विषयांत आहे. आमच्या वर्गातील एक मुलगी बसवरच्या कन्नड पाट्या घडाघडा वाचते, शेजारच्या गावातील बाजारात कन्नडमधून घासाघीसही करते. पण तहसीलदारांना दोन ओळींचा अर्ज लिहायला सांगितला की तिचा पेन थांबतो. राज्य सरकारच्या नोकरभरतीत सक्तीची कन्नड परीक्षा असते आणि आपली मुले तिथे अडतात. मराठीचा हक्क मागणे आणि आपल्या मुलांना कन्नड नीट लिहायला शिकविणे यांत मला कोणतीही विसंगती दिसत नाही. सरकारी कचेरीत किंवा बँकेत नोकरी केलेली, दोन्ही भाषा लिहू शकणारी माणसे प्रत्येक गावात आहेत. त्यांनी आठवड्यातून एक तास दिला, तरी हा अडसर पुष्कळसा दूर होईल.

कर्नाटकात दहावीची परीक्षा आता एकाच वर्षात एकाहून अधिक वेळा घेतली जाते, म्हणजे एखाद्या विषयात राहिलेल्या मुलाला वर्ष न गमावता पुन्हा संधी मिळते. परंतु पहिल्या परीक्षेचा निकाल लागतो तेव्हा शाळेला सुट्टी असते आणि दुसरी परीक्षा काही आठवड्यांवर आलेली असते. त्या काळात गावातील वर्ग उघडा असणे अत्यंत गरजेचे आहे, आणि नेमका त्याच वेळी तो बंद असतो. अशा मुलांच्या घरी स्वतः जाऊन त्यांना वर्गाला आणण्याचे काम शिकविण्याइतकेच मोलाचे आहे, आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव असल्याने आपल्याकडील मुलांना सैन्यभरतीचे आकर्षण वेगळे सांगायला नको. गावोगावी पहाटे मुले धावतात, 1.6 किलोमीटरचे अंतर कसून सराव करतात, माजी सैनिक त्यांना मनापासून तयार करतात. पण 2023 पासून भरतीची पद्धत बदलली असून आधी संगणकावरची लेखी परीक्षा आणि त्यात निवड झालेल्यांचीच मैदानी चाचणी घेतली जाते. धावण्यात तरबेज मुलगा संगणकापुढे बसण्याचा सराव नसल्यामुळे पहिल्याच पायरीवर मागे पडतो, हे पाहवत नाही. शिवाय अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के जवानांना कायम केले जाते. पहिल्या तुकडीचे प्रशिक्षण 2023 च्या सुरुवातीला सुरू झाले होते. त्या हिशेबाने परत येणाऱ्या तरुणांसाठी आपल्या मंडळांनी पुढच्या शिक्षणाचा आणि कामाचा विचार आताच करायला हवा. हे शिस्तीत वाढलेले तरुण उद्याचे उत्तम स्वयंसेवकही होऊ शकतील.

मुलींच्या बाबतीत वेळेचा प्रश्न सर्वांत मोठा आहे. वर्ग उशिरा सुटला आणि शेवटची बस गेली की वाडीवरच्या मुलींचे येणे कायमचे बंद होते. पालकांना दोष देऊन काही साधत नाही. वर्गाची वेळ बसच्या वेळेला जुळवून घ्यावी लागते. वर्गात नेहमी दोन मोठी माणसे असावीत, त्यांपैकी एक स्त्री असावी, आणि कोण आले, कोण किती वाजता गेले याची वही ठेवावी. स्वयंसेवकाची चौकशी करूनच त्याला मुलांमध्ये पाठवावे. यात कोणाचा अपमान नाही.

महाविद्यालयांनाही एक विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना दोन वर्षांत 240 तास सेवाकार्य करायचे असते. सात दिवसांच्या शिबिरात गल्ली झाडणे, झाडे लावणे चांगलेच. परंतु नियमित सेवेच्या तासांतील काही तास एकाच गावातील एकाच वर्गाला वर्षभर दिले, तर मुलांना ओळखीचे दादा आणि ताई मिळतील. ग्रामपंचायतींनी आपल्या वाचनालयाची खोली सायंकाळी उघडी ठेवावी. 2020 मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या ‘ओदुव बेळकु’ (वाचनाचा प्रकाश) उपक्रमातून तेथे 6 ते 18 वर्षांच्या मुलांना मोफत सभासदत्व मिळते, त्याचा लाभ आपली मुले फारच कमी घेतात.

शाळा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने जमाखर्चाच्या सभेतच कोणता विषय कोण, कोणत्या वारी शिकविणार आणि त्याच्या जागी बदली कोण, हे नावानिशी लिहून काढावे व तो कागद शाळेच्या आणि देवळाच्या फलकावर लावावा, एवढी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक स्वयंसेवक, बेळगाव तालुका