तुलना ओझे लादून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतील जुन्या पोलादी प्रवासी सायकलींची तुलना करणारा लेख वाचला. डॉझ गॅलक्सी, ट्रेक ५२० आणि मियाता १००० या तिन्ही सायकलींविषयी एकत्र वाचायला मिळाल्याचा आनंद झाला. परंतु लेखकाने लावलेल्या दोन कसोट्या, म्हणजे नळ्यांवरचे लेबल आणि रिकाम्या सायकलीचे वजन, या जातीच्या सायकलींना पुरेशा नाहीत, असे मला वाटते.

रेनॉल्ड्स ५३१ हे फ्रेमच्या नळ्यांचे मँगनीज-मॉलिब्डेनम पोलाद १९३५ साली आले आणि त्याचा दबदबा पुढे कित्येक दशके टिकला, हे खरेच आहे. मात्र ५३१ची फ्रेम क्रोम-मॉली या दुसऱ्या मिश्र पोलादाच्या फ्रेमपेक्षा ‘जात्याच लवचीक’ असते, हे लेखातील विधान पटत नाही. पोलाद स्वस्त असो वा महाग, त्याची ताठरता जवळजवळ सारखीच, सुमारे २०० गिगापास्कल असते. चांगले पोलाद अधिक ताण सोसते, म्हणून नळी टोकांशी ०.९ आणि मध्ये ०.६ मिलिमीटर इतकी पातळ काढता येते. लवचीकपणा येतो तो या पातळपणातून. हे ताडून पाहण्यासाठी सीटचा दांडा बाहेर काढून कॅलिपरने मोजावा. २८.६ मिलिमीटर बाह्य व्यासाच्या नळीत २७.२चा दांडा नीट बसला तर नळी पातळ आहे, २६च्या आतबाहेरचा लागला तर जाड. मी एकदा ५३१चे चकचकीत लेबल पाहून फ्रेम घेतली आणि आतून दांडा निघाला २५.८चा! लेबले सुटीही विकत मिळतात, हे ज्ञान मला त्या दिवशी झाले.

प्रवासी सायकलीचा खरा स्वभाव कळतो तो तिच्यावर सामान चढल्यावर. शर्यतीच्या सायकलीत पॅडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर ४१ सेंटिमीटरच्या आसपास असते, तर प्रवासी सायकलीत ते ४४ ते ४७पर्यंत जाते. ते कमी असेल तर प्रत्येक फेऱ्याला टाच पिशवीवर आपटते. माझ्याकडच्या दोन सायकलींपैकी हलकी, पातळ नळ्यांची सायकल रिकामी असताना इतकी सुरेख चालते की दुसरीला हात लावावासा वाटत नाही. पण तिच्या मागच्या कॅरिअरवर बारा किलो लादून साध्या उतारावर सोडली, तेव्हा हँडल थरथरू लागले आणि दोन्ही गुडघे वरच्या नळीला घट्ट दाबून धरले तेव्हा कुठे ती ताळ्यावर आली. दीड किलोने जड असलेली दुसरी सायकल तेच ओझे घेऊन त्याच उतारावरून सरळ गेली. नंतर निम्मे सामान पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या (फोर्कच्या) दोन्ही बाजूंना, खाली आसाजवळ बांधल्यावर हलकीही शांत झाली. रने एर्स आणि आलेक्स सँझे या फ्रेंच कारागिरांच्या सायकली पुढच्या पिशवीचा हिशेब धरूनच घडवल्या जात. त्यांवर सगळे ओझे मागे टाकून ‘डगमगतात’ असा शेरा मारणे हा त्यांच्यावर अन्याय होईल.

सुट्या भागांचा विषय लेखात आलाच नाही. सत्तावीस इंची रिमचा व्यास ६३० मिलिमीटर, तर ७००सी या दुसऱ्या मापाच्या रिमचा ६२२. म्हणजे चाके बदलल्यास ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली पोचावे लागते. जुन्या प्यूजोसारख्या फ्रेंच सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटला (पॅडलचा आस बसतो त्या नळीला) दोन्ही बाजूंनी उजवे आटे असतात, इंग्रजी पद्धतीत चेनच्या बाजूला डावे असतात. हे ठाऊक नसताना जोर लावला, तर चांगली फ्रेम कायमची वाया जाते.

लेखाचा पुढील भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात प्रत्येक सायकलीवर पंधरा किलो ओझे एकदा मागे आणि एकदा पुढे-मागे विभागून चालवून पाहावे आणि वजनाच्या रकान्याशेजारी सीटच्या दांड्याचे माप व पॅडलच्या आसापासून मागच्या आसापर्यंतचे अंतर छापावे, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक