रविवारची फेरी: सायकलची घडी उघडताना घाई नको

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता तळ्याजवळच्या वाहनतळावर जमायचं आहे. आपल्या घडीच्या ई-सायकलींची फेरी २५ किलोमीटरची, मध्ये एक दमवणारा चढ.

- मधल्या बिजागरीचा आणि हँडलच्या दांड्याचा, दोन्ही खटके पूर्ण बसलेत ना, हातानं हलवून बघा. मागच्या फेरीत माझाच दांड्याचा खटका अर्धवट राहिला होता; उतारावर हँडल डुगडुगलं तेव्हा कळलं!
- बॅटरी शनिवारी संध्याकाळी, जागे असताना चार्ज करा. रात्रभर लावून झोपू नका.
- २० इंची चाकं खड्ड्यात जोरात आदळतात. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेतच भरा.
- हेल्मेट नसेल, तर फेरीत घेणार नाही.

शुक्रवारपर्यंत ग्रुपवर नाव टाका. नवीन सभासदांनी पंधरा मिनिटं आधी यावं.